उठता-बसता

आपल्या घरातील कोणाही वृद्ध माणसास, देवापुढे हात जोडून काय मागता, असे विचारून पाहावे. उत्तर बहुधा एकच येते : चालत्या-बोलत्या अवस्थेत ने, कोणाच्या हाताखाली ठेवू नकोस. धनसंपत्तीचे मागणे तोवर संपलेले असते, मुलानातवंडांसाठीही मागून झालेले असते. उरते ते एवढे हातापायांचे मागणे. आणि गंमत अशी की ज्या हातापायांसाठी इतके साकडे घालायचे, त्यांची चौकशी मात्र आपण कधी करीत नाही. कपाटाच्या खणात रक्तदाबाचे यंत्र असते, साखर मोजण्याच्या पट्ट्या असतात, दर सहा महिन्यांनी तपासणीचे कागद फायलीला लागतात. पण खुर्चीवरून उठताना हात टेकावा लागतो का, मांडी घातलेले माणूस आधाराविना उभे राहते का, बोलता बोलता चालता येते का, हे कोणी टिपून ठेवीत नाही. ज्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो त्या दिवशी सारे घर एकदम जागे होते.

हे बडोद्यात व्हावे याचे मला नवल वाटते. हे गाव गाण्याचे तसेच तालमीचेही. मौलाबक्षांची गायनशाळा येथे १८८६ साली निघाली. जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी पिढ्या घडविल्या, द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरातून बाहेर पडले. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी, कुस्ती, कशाची म्हणून उणीव नव्हती. पण त्या परंपरेचे तोंड सदैव तरुणाकडे. साठी उलटलेल्या माणसाने तालमीच्या दाराशी बसून आताच्या पोरांना नावे ठेवावीत, एवढेच काम त्याच्या वाट्याला. उतारवयातील शरीराची कसोटी घरच्या घरी कशी घ्यावी हा विचार जगात इतरत्रही फार जुना नाही. तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रुजला.

गाणे शिकविणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. माझ्याकडे दुपारच्या वर्गाला जी मंडळी येतात ती बहुतेक निवृत्त. त्यांच्यापैकी गळा गेला म्हणून गाणे सोडणारे मी फार थोडे पाहिले. खाली बसता येत नाही, आणि बसले तर उठता येत नाही, म्हणून सोडणारे पुष्कळ पाहिले. माझे वडील संस्थानाच्या अगदी अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटण्याच्या वयात, दरबारच्या कलावंत खात्यात तंबोऱ्याच्या साथीला लागले होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पण बैठकीची शिस्त त्यांनी घरात शेवटपर्यंत चालविली. गाणे संपले की तंबोरा उभा धरून, जमिनीला तळवा न लावता उठायचे. आम्ही मुलांनी कुरकूर केली की ते म्हणत, "तंबोरा हातात असला तर टेकायला हात राहतोच कुठे?" ती केवळ दरबारी अदब आहे असे मला तेव्हा वाटे. पुढे कळले की ब्राझीलमध्ये डॉक्टर मंडळी जवळजवळ हीच परीक्षा घेतात आणि तिला गुण देतात. त्याविषयी पुढे सांगतो.

आधी सर्वांत सोपी परीक्षा. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या फुलर्टन येथील शाखेत रिकली आणि जोन्स या दोन विदुषींनी साठीपुढील माणसांसाठी काही चाचण्या बसविल्या; त्यांतली ही पहिली. पाठ सरळ असलेली, हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची घ्यावी व ती भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे मागे सरकणार नाही. मधोमध बसावे, पावले जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. घड्याळ लावून तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा होते ते मोजावे. हात लावावा लागला तर गुण शून्य. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने जे आकडे प्रसिद्ध केले आहेत त्यांप्रमाणे साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाकडून निदान १४ व स्त्रीकडून १२ उठबशा अपेक्षित आहेत. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात १२ व १०. पंचाहत्तर ते एकोणऐंशीपर्यंत ११ व १०. ऐंशी ते चौऱ्याऐंशी या वयात १० व ९. त्याखाली गेल्यास मांड्यांचे बळ बेताचे आणि पडण्याचा धोका अधिक, असे समजतात.

आता एक सूचना. आपल्या जुन्या घरांतील शिसवी खुर्च्या चांगल्या वीस-वीस इंच उंच असतात. त्यांवरून कोणीही पंधरा वेळा उठेल आणि उगाच मिशीला पीळ देईल. शिंप्याची टेप लावून उंची मोजावी. उलट, दिवाणखान्यातील नव्या पद्धतीच्या सोफ्यात माणूस असे रुतते की तिथून उठणे ही निराळीच कसोटी आहे. शिवाय हे आकडे परक्या देशातल्या माणसांवरून काढलेले. ते पंचांगासारखे मानू नयेत. आपला आजचा आकडा आपल्याच तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावा, त्यात खरा अर्थ आहे.

हे सारे मला पुस्तकी राहिले असते, पण गेल्या वर्षी आमच्या आत्याच्या बाबतीत त्याची गाठ पडली. आत्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. दांडिया बाजारातील लाकडी वाड्यात तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. जिना उभा, पायऱ्या अरुंद, आधाराला एक लोंबता दोर. पुण्याहून तिचा मोठा मुलगा, आमचा दादा, तिला न्यायला आला. पुण्यात लिफ्ट आहे, सून-नातवंडे आहेत, दवाखाना कोपऱ्यावर. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आधीच्या पावसाळ्यात ती दोनदा पडता पडता वाचली होती. आत्याचे म्हणणे, माझे सारे आयुष्य या गल्लीत गेले, विठ्ठलमंदिरातले माझे भजन इथे, माझी माणसे इथे. लिफ्टमध्ये बसून मी कोणाकडे जाऊ? दोन दिवस जेवणाचे पाट अबोल्याने मांडले गेले. तिसऱ्या दिवशी तीच दादाला म्हणाली, "अरे, मला इथून उठवायला आला आहेस, पण मी उठते कशी ते तरी आधी बघ!"

म्हणून आम्ही बघितले. घड्याळ माझ्या हाती, मोजायला दादा. तीस सेकंदांत आठ वेळा. नवव्याला ती अर्धी उठली आणि हात खुर्चीकडे गेला. दादाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विजय नव्हता, काळजी होती.

दुसरी परीक्षा कॅनडातील दोन बायकांनी, पोड्सिआड्लो व रिचर्डसन यांनी, १९९१ साली मांडली. खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर, खडूने रेघ ओढायची. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमीची चप्पल घालावी, काठी वापरीत असल्यास घ्यावी. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर जपून राहावे, असा दाखला. यात पाहण्यासारखी गोष्ट सेकंदांहून वळण आहे. निरोगी माणूस दोन-तीन पावलांत वळतो. तोल डळमळीत असलेला पाच-सहा बारीक पावले टाकीत, जागच्या जागी चाक फिरावे तसा वळतो. माणूस पडतो तो पुष्कळदा अशा वळणावर, स्वयंपाकघरात ओट्यापासून फळीकडे वळताना. आत्याला चौदा सेकंद लागले.

आता ज्या परीक्षेचे मला सर्वांत अधिक अगत्य वाटते तिच्याकडे येतो. १९९७ साली स्वीडनमधील काही संशोधकांनी वृद्धनिवासातील ५८ जणांबरोबर चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. जे न थांबता बोलत राहिले अशा ४६ जणांपैकी अकरा पडले. परीक्षा एवढीच! कारण सरळ आहे. चालणे हे तरुणपणी आपोआप होते. मन मोकळे असते. वय झाले की चालण्याकडे लक्ष द्यावे लागते, आणि बोलायला लागणारे लक्षही त्याच थैलीतून काढायचे असते. थैली अपुरी पडली की शरीर शहाणपणाने एक काम थांबवते. आपल्या भाषेने 'चालता-बोलता' हा जोडशब्द उगाच घडविला नाही.

पण ही परीक्षा बडोद्याच्या गल्लीत घेऊन चालणार नाही. इथे रस्त्यात ओळखीचे माणूस भेटले की थांबून बोलणे ही रीत आहे. न थांबता उत्तर देणारास आपण उद्धट म्हणतो. घरात, ओसरीवरून आतल्या खोलीत जाताना, माणसाला न सांगता पाहावे. आत्या तशी पाहिली तेव्हा लक्षात आले की जिन्याखालच्या बोळात तिला काही विचारले की ती म्हणते, "थांब, सांगते," आणि खरोखरच थांबते, भिंतीला बोटे लावते, मग सांगते. हे वाक्य आम्ही वर्षभर ऐकत होतो.

हीच गोष्ट मोजून पाहायची तर तीन मीटरची चाल पाढे म्हणत करावी. उलटी मोजणी करवितात, शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगतात. पण आपल्याकडे जुन्या माणसांना पावकी, निमकी, सवायकी यांचा खजिना आहे, तो वापरावा. फार पाठ असलेले काही म्हणू नये. रामरक्षा माणूस झोपेतही म्हणतो, तिला लक्ष लागत नाही. आत्याला पाऊणकी म्हणत चालायला लावले तेव्हा चौदाचे एकोणीस सेकंद झाले आणि पाऊणकीही चुकली. चुकलेल्या पाऊणकीचेच तिला अधिक वाईट वाटले.

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे एमिल जाक-दालक्रोझ नावाचे संगीतशिक्षक होऊन गेले. १८६५ ते १९५० हा त्यांचा काळ. लय कानाने शिकवायच्या आधी ती अंगात उतरली पाहिजे म्हणून त्यांनी पियानोवर चालण्याची, थांबण्याची, वळण्याची एक पद्धत बसविली. वाजविणारा ऐन वेळी लय बदलतो, चालणाराने पाऊल बदलायचे. हे मुलांसाठी होते. त्याच गावातील डॉक्टरांनी पुढे ते म्हाताऱ्या माणसांवर लावून पाहिले : पासष्टीपुढील १३४ माणसे, आठवड्यातून एक तास, सहा महिने. २०११ साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे, ज्यांनी हा अभ्यास केला त्यांचे पडण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या मानाने निम्म्याहूनही कमी झाले. आठवड्यातून फक्त एक तास! हे वाचले त्या रात्री मी वर्गातल्या डग्ग्याकडे निराळ्या नजरेने पाहिले.

त्यानंतर दर शनिवारी शेवटची वीस मिनिटे आमचा वर्ग चालतो. एक विद्यार्थी तबल्यावर मध्यलयीचा त्रिताल धरतो, मंडळी सतरंजी गुंडाळून खोलीभर मात्रेला पाऊल टाकतात. समेला वळायचे. खालीला थांबायचे. मग न सांगता दादरा सुरू करायचा. चारांच्या चालीवरून तिनांच्या चालीवर पाऊल नेताना ज्यांची त्रेधा होते तीच मंडळी चालता-बोलता अडखळणारी असतात, हे मी पाहतो आहे. याला संशोधन म्हणण्याचा माझा दावा नाही. पंधरा माणसांचा वर्ग तो. पण हसणे खूप होते, आणि येण्याचे कोणी चुकवीत नाही. एका काकांनी तर झपतालाची मागणी केली. दोन-तीन, दोन-तीन असे पाऊल टाकून पाहा, म्हणजे ते किती अवघड प्रकरण आहे ते कळेल.

तोल पाहण्याची रीत चार पायऱ्यांची आहे. पावले जुळवून उभे राहणे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या पेराजवळ. मग टाच व बोटे एका ओळीत, दोरीवर चालणारा ठेवतो तशी. शेवटी एका पायावर. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद, शेजारी ओटा किंवा जड मेज आणि जवळ माणूस. तिसऱ्या पायरीवर दहा सेकंद निघाले नाहीत तर पडण्याचा धोका धरावा. एका पायाची परीक्षा कठीण आहे, तिचा धसका घेऊ नये. ब्राझीलमधील डॉ. आराउजो यांनी २०२२ साली एक्कावन्न ते पंचाहत्तर वयाच्या १७०२ जणांची जी हकीकत प्रसिद्ध केली तीत एकंदर पाचांत एकास ते जमले नाही. एकाहत्तरीपुढच्यांत निम्म्याहून अधिक जणांस जमले नाही. ज्यांना जमले नाही त्यांच्यांत पुढील सातएक वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले हे खरे. पण ती मंडळी आधीच अधिक आजारी होती, आणि तो हिशोब सोडवूनही काही फरक उरतो, इतकाच त्याचा अर्थ. पाय खाली टेकला म्हणजे यमाने दार ठोठावले असे नव्हे. वर्तमानपत्रांनी त्या वेळी जे मथळे दिले ते मला फारसे आवडले नाहीत.

त्याच डॉक्टरांची २०१२ सालची परीक्षा म्हणजे वडिलांच्या तंबोऱ्याची परीक्षा. मोकळ्या जागेत, अनवाणी, जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, कोपर, गुडघा, मांडी, जे टेकेल त्याचा एकेक गुण वजा. झोक गेला तर अर्धा. एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या २००२ जणांना सहाएक वर्षे पाहता, आठ ते दहा गुणवाल्यांच्या मानाने शून्य ते तीन गुणवाल्यांत मृत्यूचे प्रमाण पाच-सहा पट निघाले. हे सर्व ज्या देशात खुर्चीवर बसण्याची चाल आहे तिथले. आपण तर कालपरवापर्यंत दिवसातून वीस वेळा ही परीक्षा देत होतो : पाटावर जेवण, देवापुढे पूजा, विळीवर भाजी, जात्यापुढे दळण, सतरंजीवर गाणे. एकेक करून सारे उंचावर गेले. जेवण टेबलावर, भाजी ओट्यावर, देव भिंतीवरच्या देव्हाऱ्यात, न्हाणीघराशेजारचेही कमरेइतके वर आले. मी याला नावे ठेवणार नाही; दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला ते वरदान आहे. पण ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनीही जमीन सोडली, आणि जमिनीने मग त्यांना. गौरीजेवणाच्या दिवशी पंगतीला पाट मांडले की चाळिशीची माणसे 'अगं बाई' करीत उठताना मी पाहतो.

सांधा बदललेला असेल, कंबर दुखावलेली असेल, हाडे ठिसूळ असल्याचे वैद्यांनी सांगितले असेल, तर ही जमिनीची परीक्षा देऊच नये. छातीत कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर कोणतीच परीक्षा आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्यांनी घरचे रक्तदाबाचे यंत्र एकदा निराळ्या रीतीने वापरावे : पाच मिनिटे आडवे पडून मोजावे, मग उभे राहून एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाने. वरचा आकडा विसांनी किंवा अधिक उतरला तर ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावे. कित्येकदा दोष पायांचा नसून गोळ्यांचा असतो.

दमाची कसोटी गाणाऱ्या माणसाला सांगायला नको. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतकी चाल म्हणजे मध्यम व्यायाम, असे आता वैद्यकही सांगते. कामाठीबागेत सकाळी फिरताना जो भूप आळवू शकतो त्याने थोडे भरभर चालावे. जो दोन शब्दांतच धापा टाकतो त्याने सावकाश.

आता आत्याकडे वळतो. खुर्ची आठ, चाल चौदा, टाचेपुढे टाच सहा सेकंद. आकडे तिच्या विरुद्ध गेले होते. दादाला आता बोलायची गरजच उरली नव्हती. पण आकडे विरुद्ध गेले याचा अर्थ माणूस हलवावे, की आकडे हलवावे? बोस्टन येथे १९९० साली एक प्रयोग झाला. वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाची दहा माणसे, आठ आठवडे, पायांनी वजन उचलण्याचा चांगला कडक व्यायाम. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, आणि दोघांनी चालताना काठी टाकली. मी दादाला एवढेच म्हटले, "तीन महिने दे. मग तू म्हणशील तसे."

तो नोकरीवर परत गेला, आणि धाकटी वहिनी रात्री आत्याच्या सोबतीला जाऊ लागली. व्यायाम म्हणजे परीक्षाच, सावकाशीने. खुर्चीवरून चार मात्रांत उठायचे, आठ मात्रांत बसायचे. खरे काम बसण्यात आहे. आपण धपकन बसतो, तेव्हा मांड्यांना काहीच करावे लागत नाही. "आत्या, समेवर आदळू नकोस, समेवर ये," असे मी म्हणे आणि ती मला शिव्या देई. दहा वेळा, विसावा, पुन्हा दहा, एका दिवसाआड. ओट्याला धरून टाचा उचलणे. देवापुढे दिवा लावून झाला की टाचेपुढे टाच. शनिवारी आमच्या वर्गात त्रिताल. प्रथिने पोटात जावीत म्हणून संध्याकाळच्या नुसत्या दूधपोह्यांऐवजी मुगाचे धिरडे किंवा उसळ. तिच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी उपडी करून पाहिली आणि झोपेची जुनी गोळी हळूहळू बंद केली. रात्री न्हाणीघराकडे जाताना तोल जायचा तो बराचसा त्या गोळीने, असे त्यांचे मत पडले.

तीन महिन्यांनी दादा आला तेव्हा त्यानेच घड्याळ धरले. अकरा. चाल साडेअकरा सेकंद, पाऊणकीसह चौदा, आणि पाऊणकी बिनचूक. टाचेपुढे टाच दहा सेकंद उभी राहिली. एका पायावर चार. तिथे गाडी अडली ती आजही अडलेलीच आहे. दादाने जिना वरपासून खालपर्यंत दोनदा चढून उतरून पाहिला. मग म्हणाला, "आई, तू म्हणतेस तसे राहा. पण तिसऱ्या मजल्यावर नाही." हे आत्याला पटायला आणखी एक दिवस लागला. आतोबांची खालच्या मजल्यावरची बैठकीची खोली दोन वर्षे कुलूपबंद होती, ती झाडून घेतली. कपाट, देव, शिवणयंत्र खाली आले. पलंग येईना, तो वरच राहिला. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांड्या बसविल्या, आणि जिन्याच्या दोन्ही अंगांना कठडा झाला. तो जुना दोर काढू दिला नाही तिने. म्हणते, आतोबांनी बांधला होता.

वर जायचे झाल्यास कोणाला तरी हाक मारून जावे असे ठरले आहे. ती ते पाळतेच असे मी शपथेवर सांगणार नाही. खोलीत 'कालनिर्णय' टांगले आहे. त्यावर चतुर्थी-एकादशांच्या मधल्या रकान्यांत तिच्या हातचे बारीक आकडे दिसतात : ११, ११, १०, १२. दहाच्या शेजारी कंसात 'सर्दी' असे लिहिलेले आहे.